पदकाची मागची बाजू

दर सुटीनंतर दोन-चार कॅडेट घरातले एखादे जुने पदक रुमालात गुंडाळून इतिहासाच्या खोलीत घेऊन येतात. पदक पणजोबांचे असते, कधी आजीच्या माहेरचे. प्रश्न ठरलेला असतो: सर, हे कोणत्या पराक्रमाबद्दल मिळाले? माझे उत्तरही ठरलेले असते: आधी पदक उलटे करा. पदकाची पुढची बाजू छातीवर मिरवण्यासाठी असते, पण खरी माहिती मागच्या बाजूला, कडेवर आणि फितीच्या रंगात दडलेली असते. ती वाचायची कशी, हे मी एका माणसाच्या चरित्रातून शिकलो. त्यांचे नाव नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. आजचा लेख त्यांच्याविषयी आहे.

त्यांच्यापर्यंत मी पोचलो तो माझ्या आजोबांच्या पदकांमुळे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात शिपाई होते. मी शाळेत जाण्याआधीच ते वारले. मागे राहिला एक पत्र्याचा डबा, त्यात चार पदके आणि घडीवर फाटलेले डिस्चार्जचे पुस्तक. आमच्या घरात, भावकीत आणि गावातही सगळ्यांची एकच पक्की समजूत होती की आजोबांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आत्या तर तो प्रसंग सविस्तर सांगायची. मशीनगनचा मारा, सगळे सोबती पडलेले, एकट्याने केलेला हल्ला. मी सैनिकी शाळेत शिकवायला लागल्यावर घरातल्या सगळ्यांनी हे काम माझ्यावर सोपवले. आजोबांच्या पराक्रमाचा कागद शोधायचा आणि गावच्या शाळेत त्यांचा फोटो लावायचा.

कामाची सुरुवात डब्यापासून झाली. चारपैकी तीन पदके सहा टोकांच्या पिवळसर ताऱ्याच्या आकाराची होती, चौथे गोल. तारा हे युद्धात एखाद्या रणक्षेत्रावर सेवा केल्याचे चिन्ह आहे. कोणते रणक्षेत्र, ते ताऱ्यावरच लिहिलेले असते आणि फीतही ते सांगते. १९३९-४५ स्टारची फीत गडद निळी, तांबडी आणि फिकट निळी असते, म्हणजे आरमार, भूदल आणि हवाई दल. आफ्रिका स्टारची फीत वाळवंटाच्या वाळूच्या रंगाची, मध्ये तांबडा पट्टा आणि दोन बाजूंना निळ्या रेघा. इटली स्टारच्या फितीवर इटलीच्या झेंड्याचे तांबडा, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग आहेत. गोल पदक म्हणजे वॉर मेडल. युद्धकाळात किमान २८ दिवस सेवा केलेल्या प्रत्येक सैनिकाला ते मिळत असे. आजोबांच्या डब्यात ही चार होती.

व्हिक्टोरिया क्रॉस याहून अगदी वेगळा दिसतो. तो तारा नसून क्रूस आहे, रंगाने काळपट, कांस्य धातूचा. त्यावर सिंह आणि राजमुकुट असतो आणि फीत किरमिजी रंगाची. मागच्या बाजूला मधल्या वर्तुळात पराक्रमाची तारीख कोरलेली असते, तर वरच्या आडव्या पट्टीच्या मागे सैनिकाचे नाव आणि पलटण. हा सन्मान १८५६ मध्ये सुरू झाला, पण हिंदी सैनिकांना तो १९११ पर्यंत खुला नव्हता. त्यांच्यासाठी १८३७ पासून इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हे वेगळे पदक होते. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये लढलेले खुदादाद खान हे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे हिंदी सैन्यातले पहिले हिंदी सैनिक. या सन्मानाची यादी संपूर्ण आणि जाहीर आहे, त्यात कोणाचे नाव राहून गेलेले नाही. आजोबांचे नाव त्या यादीत नव्हते.

मग डिस्चार्जचे पुस्तक उघडले. पलटणीच्या रकान्यात लिहिले होते: ३/५ मराठा. म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. या पलटणीतल्या कोणाला इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला का, असे पाहिले तर एकच नाव सापडले: नाईक यशवंत घाडगे. आत्या सांगायची तो प्रसंग तपशिलांसह त्यांचाच होता.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव-आमडोशी, तालुका माणगाव. त्या वेळी हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई, आज तो रायगड आहे. शेजारच्या महाड तालुक्यात शिवाजी महाराजांचा रायगड किल्ला उभा आहे. हा मुलूख डोंगरउतारांचा, भातखाचरांचा आणि मुसळधार पावसाचा. शेती एका पिकाची, म्हणून घरातल्या एकाने मुंबईच्या गिरणीत आणि एकाने पलटणीत जायचे, ही इथली जुनी रीत. मराठा पलटणींना कोकणातून आणि घाटावरून पिढ्यान् पिढ्या जवान मिळत आले. युद्ध सुरू झाले आणि भरतीला वेग आला. रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र बेळगावला होते आणि आजही तिथेच आहे.

घाडगे ज्या तिसऱ्या पलटणीत होते, तिचा इतिहास मोठा आहे. १९२२ च्या पुनर्रचनेपूर्वी ती ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणून ओळखली जाई आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात ती अडकली होती. दुसऱ्या महायुद्धात १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती इरिट्रियातल्या केरनच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर इटालियन सैन्याशी लढली. त्या वेळी पलटणीचे कमांडर होते डेनिस रीड. पुढे इटलीत १०व्या इंडियन डिव्हिजनचे नेतृत्व त्यांच्याचकडे आले आणि तिसरी मराठा पलटण त्याच डिव्हिजनमध्ये होती. पलटणीला ओळखणारा माणूस डिव्हिजनच्या शिरावर होता. आजोबांच्या आफ्रिका स्टारचे कोडेही इथेच सुटले. इरिट्रियातली त्या काळातली लढाई आफ्रिका स्टारच्या नियमात बसते. म्हणजे केरनला ते होते.

१०वी डिव्हिजन १९४४ च्या वसंतात इटलीत उतरली. ४ जूनला रोम पडले आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. पण हे हटणे म्हणजे पळून जाणे नव्हते. उत्तरेला डोंगरांच्या रांगेवर त्यांची गॉथिक लाइन नावाची संरक्षणफळी तयार होत होती. तिला वेळ मिळावा म्हणून ते प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर थांबून लढत होते. पूल उडवलेले, रस्त्यात सुरुंग पेरलेले, दगडी शेतघरांच्या आडोशाला मशीनगन लावलेल्या. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पेरुजियाच्या उत्तरेला १०व्या डिव्हिजनची वाटचाल अशाच मुलखातून होती. अशा लढाईत नकाशावर डिव्हिजनचा बाण पुढे सरकतो, पण प्रत्यक्षात पुढे सरकते ती एक सेक्शन, म्हणजे आठ-दहा माणसे आणि त्यांचा नाईक. घाडगे असे नाईक होते. वय बावीस.

१० जुलै १९४४. मोंतोने गावाच्या परिसरात मराठा पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. घाडगे यांची रायफल सेक्शन पुढे जात असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. त्या माऱ्यात सेक्शनमधला प्रत्येक जवान ठार झाला किंवा जखमी होऊन पडला. उभा राहिला फक्त सेक्शन कमांडर.

कॅडेट मित्रांनो, या क्षणावर थोडे थांबा. मागे आडोसा घेता आला असता. बाकीची कंपनी येईपर्यंत थांबता आले असते. त्याबद्दल कोणीही त्यांना दोष दिला नसता. पण ती मशीनगन चालू होती, आणि ती चालू असेपर्यंत जखमींना उचलता येणार नव्हते, मागून येणाऱ्यांनाही तोच मारा सोसावा लागणार होता. सोबत कोणी उरलेले नाही, हे पुरते ठाऊक असताना घाडगे यांनी एकट्याने त्या ठाण्यावर धाव घेतली. आधी हातबॉम्ब फेकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. मग टॉमीगनने तोफेवरच्या आणखी एकाला टिपले. मॅगझिन रिकामे झाले आणि बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. ठाणे हाती आले. पण दुसरीकडे दडलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जे ठाणे त्यांनी जिंकले, त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला.

व्हिक्टोरिया क्रॉस ऐकीव गोष्टीवर दिला जात नाही. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब घेतले जातात, पलटणीची शिफारस एकेक पायरी वर जाते आणि शेवटी निर्णय राजदरबारी होतो. घाडगे यांच्या सन्मानाची घोषणा नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडन गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाली. तो मजकूर जेमतेम परिच्छेदभर आहे, त्यात एकही फुलवलेले विशेषण नाही. कोण, कुठे, काय केले, एवढेच. शौर्याचे वर्णन कसे लिहावे हे शिकायचे असेल, तर प्रत्येक कॅडेटने असा एखादा गॅझेटमधला उतारा वाचावा.

इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले आणि त्यांपैकी ५,७८२ परत आले नाहीत. हिंदी सैन्याला तिथे सहा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले: कमल राम, यशवंत घाडगे, शेरबहादूर थापा, थमन गुरुंग, अली हैदर आणि नामदेव जाधव. या सहांत दोन मराठा रेजिमेंटचे. पहिल्या पलटणीचे नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर लढले, जिवंत परतले आणि पुढे १९८४ पर्यंत जगले. घाडगे परतले नाहीत. त्यांचे नाव कॅसिनो स्मारकावर कोरलेले आहे. इटलीच्या मोहिमेत प्राण गमावलेल्या आणि ज्यांची कबर कोठे आहे हे ज्ञात नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावे या स्मारकावर आहेत.

इथपर्यंत शोध झाला आणि माझ्यापुढे एक अवघड काम उभे राहिले. ज्या घराने इतकी वर्षे एक गोष्ट अभिमानाने जपली, त्या घराला सांगायचे की तो पराक्रम आजोबांचा नव्हता. आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात होती. मी कागद वाचून दाखवले, पदके एकेक करून समजावली. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिनेच धागा जुळवला. तिचे वडील ती गोष्ट नेहमी सांगत, पण त्यात मी असे कधी म्हणत नसत. आमच्या पलटणीतला एक नाईक, असेच म्हणत. आम्ही लहान होतो, आमच्या मनात तो नाईक म्हणजे बाबाच झाले. आजोबा आयुष्यभर दुसऱ्याचा पराक्रम सांगत राहिले आणि ऐकणाऱ्यांनी प्रेमापोटी तो त्यांच्याच नावावर लिहून टाकला.

गावच्या शाळेत फोटो लावायचा की नाही, यावर घरात चर्चा झाली. काहींचे म्हणणे होते की आता सांगायचे तरी काय, अशी पदके तर सगळ्यांनाच मिळाली. मला हे म्हणणे मान्य नव्हते आणि आजही नाही. घाडगे यांच्या सेक्शनचा विचार करा. त्या दिवशी त्यांच्यासोबत जे पुढे गेले आणि मशीनगनसमोर पडले, त्यांना क्रॉस मिळाला नाही. नियमाने त्यांच्या वाट्याला आले ते १९३९-४५ स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल. तेच, जे आमच्या डब्यात होते आणि कदाचित तुमच्याही घरात आहे. जे तिथेच मेले, त्यांची पदके टपालाने घरी गेली असतील. तारा हे सामान्य पदक आहे, पण ते ज्या जागी मिळाले ती जागा सामान्य नव्हती. घाडगे उठून धावले, कारण त्यांच्याभोवती ही माणसे पडली होती. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मागे कोरलेली तारीख एकट्या घाडग्यांची नाही. ती त्या सगळ्या सेक्शनची आहे.

शेवटी फोटो लागला. खाली लिहिले आहे: आजोबांचे नाव, ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, आफ्रिका आणि इटली. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. शेजारी नाईक यशवंत घाडगे यांच्याविषयी चार ओळी आहेत. आत्याचाच तो आग्रह होता.

घाडगे यांच्या पलटणीचे पुढे काय झाले, हेही तुम्हाला ठाऊक असावे, कारण शोध घेताना इथेच बरेच जण वाट चुकतात. युद्धानंतर तिसरी मराठा पलटण छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे २ पॅरा, बनली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाइलजवळ विमानांतून उतरलेली पलटण तीच. म्हणजे आज ३ मराठा कुठे आहे असे विचाराल, तर उत्तर पॅराशूट रेजिमेंटमध्ये मिळेल. पलटणींची नावे आणि क्रमांक बदलतात, त्यांचा वारसा मात्र एका रेजिमेंटमधून दुसऱ्या रेजिमेंटमध्ये जातो.

घाडगे यांची आठवणही दोन देशांत जपली जाते. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि जिथे ते पडले, त्या इटलीतल्या मोंतोने गावात जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभे राहिले. एका इटालियन गावाने जवळजवळ ऐंशी वर्षांनी कोकणातल्या एका नाईकाचे नाव आपल्या भूमीवर कोरले. आपल्या घरच्या सैनिकाविषयी आपण त्याहून कमी कष्ट घ्यावेत, हे बरे नव्हे.

म्हणून येत्या सुटीसाठी हे काम. पालकांनीही त्यात हात द्यावा.

पदक चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका. घासल्याने कडेवरची अक्षरे झिजतात आणि तीच सर्वांत मोलाची असतात. फीत बदलू नका. कितीही जीर्ण झाली तरी तिचे रंग पुरावा आहेत. पदकाच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे तिरप्या उजेडात फोटो काढा. नाव, नंबर, पलटण, जे दिसेल ते जसेच्या तसे उतरवा. स्पेलिंग चुकीचे वाटले तरी सुधारू नका, कारण जुन्या कारकुनांनी आपली नावे ऐकून लिहिली आहेत आणि सरकारी दप्तरातही तीच असतील. फितीवर ओकच्या पानाचे छोटे चिन्ह असेल तर जपून ठेवा. लढाईच्या अहवालात त्या सैनिकाचा नावानिशी उल्लेख झाला होता, असा त्याचा अर्थ आहे.

डिस्चार्जचे पुस्तक, पेन्शनचा कागद, मनीऑर्डरची पावती, जे असेल ते शोधा. सैनिकाचा नंबर हाती आला की अर्धे काम झाले. त्यानंतर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. जो परतला नाही, त्याचे नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत पाहा. शौर्यपदकांच्या घोषणा लंडन गॅझेटमध्ये मिळतात. आणि या सगळ्याच्या आधी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून ऐका. ऐकताना लक्ष ठेवा की गोष्ट सांगणारा मी म्हणतोय की आम्ही, की आमच्यातला एक जण.

शोधाच्या शेवटी तुमच्या हाती क्रॉस लागेल असे नाही. बहुतेकांच्या हाती एखादा तारा, एक पलटण आणि एका डोंगराचे नाव लागेल. तेवढे खरे आणि अचूक लिहा, आणि पुढच्या पिढीला तसेच सांगा. उद्या तुमच्यापैकी काही जण अधिकारी होतील. एखाद्या जवानाच्या शिफारशीचा कागद तुम्हाला लिहावा लागेल. त्या वेळी जे पाहिले तेच लिहिण्याची सवय लागलेली असावी. त्याच्या घरी तो कागद पिढ्यान् पिढ्या वाचला जाणार आहे.